तो व्हिडिओ पुढे पाठवला जावा म्हणूनच बनवला होता

सिंगापूरमधल्या एका सोळा वर्षांच्या मुलाची बातमी माझ्या डोक्यातून जात नाही. तशी जुनी आहे, डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या अंतर्गत सुरक्षा खात्याने त्याला ताब्यात घेतलं आणि जानेवारी २०२१ च्या शेवटी ते जाहीर केलं. मुलाचं नाव कुठे आलं नाही आणि ते बरंच झालं. भारतीय वंशाचा, प्रोटेस्टंट ख्रिश्चन घरातला, शाळेत जाणारा मुलगा. त्याचा प्लॅन असा होता की घराजवळच्या दोन मशिदींमध्ये घुसून कोयत्याने लोकांना मारायचं आणि ते सगळं लाइव्ह दाखवायचं. अंगात घालायचं जॅकेट त्याने ऑनलाइन घेऊन ठेवलं होतं, एका मशिदीतून दुसरीकडे जायला वडिलांचं क्रेडिट कार्ड वापरून गाडी भाड्याने घ्यायची हेही ठरवलं होतं. आणि दिवस ठरवला होता १५ मार्च.

ती तारीख आमच्या गावाची आहे. मी न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला राहते, जिथे १५ मार्च २०१९ ला दोन मशिदींवर हल्ला झाला.

त्या मुलाने आमच्याकडच्या हल्ल्याचा व्हिडिओ बघितला होता, हल्लेखोराने लिहिलेलं वाचलं होतं, आणि दोन वर्षांनी तीच तारीख धरून तसंच करायचं ठरवलं होतं. त्याला प्रत्यक्ष कोणी भेटलं नव्हतं, कोणी ट्रेनिंग दिलं नव्हतं, तो कुठल्या संघटनेचा मेंबर नव्हता, सगळं एकट्याने, घरात बसून. तिथल्या खात्याने सांगितलं की तो इसिसचे प्रोपगंडा व्हिडिओही बघायचा आणि त्यावरून त्याने ठरवून टाकलं की इस्लाम म्हणजे इसिसच. म्हणजे एका टोकाच्या अतिरेक्यांनी बनवलेले व्हिडिओ बघून तो दुसऱ्या टोकाच्या, म्हणजे गोऱ्या वर्चस्ववादी अतिरेक्याचा भक्त झाला. ते दोघं एकमेकांचे शत्रू म्हणवतात पण एकमेकांना माणसं पुरवतात, हे मला त्या बातमीने जितकं स्पष्ट दिसलं तितकं कुठल्या लेखाने दिसलं नाही. आणि सगळ्यात जास्त लागतं ते हे की ज्याला हा मुलगा हीरो मानत होता त्याच्या हिशोबात बाहेरून आलेले सगळेच नको होते, आपण भारतीयही त्यातच. हा मुलगा त्याच्यासमोर गेला असता तर त्याने याला आपला मानला नसता. तरी त्या पोराला ते आपलं वाटलं.

आता १५ मार्च २०१९ बद्दल लिहिते, कारण इथल्या मराठी लोकांना पाठ आहे पण भारतातल्या बऱ्याच जणांना फक्त 'न्यूझीलंडमध्ये मशिदीत गोळीबार झाला होता ना' एवढंच आठवतं, किंवा बांगलादेशची क्रिकेट टीम थोडक्यात वाचली हे आठवतं. ती टीम इथे तिसऱ्या टेस्टसाठी आली होती, दुसऱ्या दिवसापासून हॅगली ओव्हलला मॅच होती, आणि शुक्रवारच्या नमाजासाठी त्यांची बस अल नूर मशिदीजवळ पोहोचत होती. टेस्ट रद्द झाली. अल नूर हॅगली पार्कच्या कडेला डीन्स अव्हेन्यूवर आहे, तिथे ४४ माणसं गेली, मग हल्लेखोर गाडी घेऊन शहराच्या दुसऱ्या बाजूला लिनवुडच्या मशिदीत गेला, तिथे ७ गेली. एकूण ५१. त्यात आपल्या देशातलेही होते, गुजरातचे, हैदराबादचे, केरळची एक तरुण मुलगी जी इथे शिकायला आली होती. दुपारी १:४० ला हे सुरू झालं. दोन वाजायच्या आत पोलिसांनी त्याला गाडीतून खेचून काढलं होतं, तिसरीकडे जायच्या वाटेवर होता तेव्हा.

मी एका शाळेत टीचर एड, म्हणजे शिक्षकांची मदतनीस म्हणून काम करते. त्या दिवशी शहरातल्या सगळ्या शाळा लॉकडाऊनमध्ये गेल्या (कोरोनाचा लॉकडाऊन आपल्याला नंतर माहीत झाला, इथे हा शब्द आधी त्या दिवसामुळे लोकांच्या अंगात बसलाय). दिवे बंद, पडदे ओढलेले, मुलं टेबलांखाली आणि भिंतीला टेकून जमिनीवर. त्या दिवशी कॅथीड्रल स्क्वेअरला शाळकरी मुलांचा क्लायमेट मोर्चा होता त्यामुळे अर्धी मुलं शहरात आणि अर्धी वर्गात, आणि कोण कुठे आहे ते कळायला फोन हा एकच मार्ग. म्हणून फोन काढून घेता येईनात. आणि त्याच फोनवर तो व्हिडिओ आला. बाहेर काय चाललंय हे आम्हाला मोठ्यांना धड माहीत नव्हतं तेव्हा शहरभर अंधाऱ्या वर्गांमध्ये तेरा-चौदा वर्षांची मुलं ते बघत होती, काहींनी मुद्दाम बघितलं, काहींच्या फीडमध्ये आपोआप चालू झालं, काहींना मित्राने पाठवलं. माझ्या बाजूला बसलेल्या एका मुलीने मला विचारलं की मिस, हा गेम आहे ना? तिला तो गेमच वाटला कारण कॅमेरा डोक्यावर लावलेला होता आणि बंदूक समोर दिसते तशी गेममध्ये दिसते.

आणि ते तसं दिसावं म्हणूनच तसं केलं होतं. हे मला पुढे हळूहळू कळत गेलं.

फेसबुकने नंतर स्वतःच आकडे दिले. सतरा मिनिटांचं लाइव्ह होतं. लाइव्ह चालू असताना ते बघितलं गेलं दोनशेपेक्षा कमी वेळा. पहिली तक्रार आली ती लाइव्ह संपल्यावर बारा मिनिटांनी, म्हणजे सुरू झाल्यापासून एकोणतीस मिनिटांनी, तोपर्यंत बघणाऱ्यांपैकी एकानेही रिपोर्ट केला नव्हता. काढून टाकेपर्यंत मूळ व्हिडिओ साधारण चार हजार वेळा बघितला गेला होता. हे आकडे लहान आहेत, एखाद्या लग्नाच्या व्हिडिओला याहून जास्त व्ह्यूज मिळतात. पण पुढच्या चोवीस तासांत फेसबुकला त्या व्हिडिओच्या १५ लाख कॉप्या काढाव्या लागल्या. १५ लाख. त्यातल्या १२ लाख अपलोड होतानाच अडवल्या, बाकीच्या तीन लाख वर चढल्या आणि मग काढल्या. मशीन प्रत्येक व्हिडिओचा एक ठसा काढून ठेवतं आणि तसाच दुसरा आला की अडवतं, म्हणून लोकांनी कडा कापल्या, स्क्रीनचं शूटिंग केलं, वर लोगो लावले, आठशेहून जास्त वेगवेगळ्या आवृत्त्या सापडल्या. ज्यांनी हे केलं ते सगळे काही अतिरेकी नव्हते. काही होते, त्यांनी पद्धतशीर केलं. पण बाकीचे 'बघा काय भयानक झालंय' म्हणून पाठवणारे होते. चांगली माणसं.

आमच्या घरातल्या ग्रुपवर पण आला. त्याच रात्री, तुमच्याकडे संध्याकाळ होती तेव्हा. मी घरी येऊन लेकाला जवळ घेऊन बसले होते, आईचे, जावेचे, मावशीचे मेसेज येत होते की तुम्ही सगळे नीट आहात ना, आणि त्या मेसेजच्या मधेच एका नातेवाईकाने ती क्लिप टाकली, खाली लिहिलं होतं 'तुमच्या गावचं आहे का हे?' मला त्यांच्यावर राग आला होता, आजही सांगताना येतो. त्यांनी काळजीनेच पाठवलं हे मला कळतं. पण त्या क्लिपमध्ये जे पडले होते त्यातल्या एकांच्या दुकानात मी दर आठवड्याला जात होते.

म्हणून मी हे पुन्हा पुन्हा सांगते आणि आज सविस्तर लिहितेय. तो हल्ला व्हिडिओसाठी केलेला होता. आधी माणसं मारायचं ठरवलं आणि मग कोणीतरी शूटिंग केलं असं नाही. हल्लेखोराने एटचॅन नावाच्या, निनावी पोस्ट टाकता येणाऱ्या साइटवर आधी पोस्ट टाकली, आपलं लिखाण आणि लाइव्हची लिंक दिली, तिथल्या लोकांना सांगितलं की तुमचं काम तुम्ही करा, पसरवा. मशिदीत जे झालं त्यानंतरचं काम फोनवाल्यांवर सोपवलं होतं आणि ते आपण सगळ्यांनी मिळून पूर्ण केलं. पुढे पाठवणारा प्रत्येक जण, वाईट वाटून पाठवणारा पण, त्याने आखलेल्या प्लॅनमध्ये धरलेला होता.

न्यूझीलंडने हे लवकर ओळखलं. तीन दिवसांत चीफ सेन्सॉरने तो व्हिडिओ बेकायदा ठरवला, आठवड्याभरात ते लिखाणही. इथे तो व्हिडिओ जवळ बाळगला तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, इतरांना पाठवला तर चौदा. आणि हे नुसतं कागदावर नाही, आमच्याच शहरातल्या एका व्यावसायिकाने तो तीसेक जणांना पाठवला होता त्याला एकवीस महिन्यांची जेल झाली. भारतातल्या मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली अगं हे फारच झालं, नुसता व्हिडिओ पाठवला म्हणून जेल? मला नाही वाटत फार झालं. जेसिंडा आर्डर्न तेव्हा पंतप्रधान होत्या, त्यांनी पार्लमेंटमध्ये सांगितलं की त्या माणसाचं नाव त्या कधीच उच्चारणार नाहीत कारण त्याला प्रसिद्धीच हवी होती. इथे बहुतेक लोक तेच पाळतात, मीही पाळते, या पोस्टमध्ये पण नाव नाहीये ते त्यासाठीच. मे २०१९ मध्ये त्यांनी आणि फ्रान्सच्या मॅक्रॉन यांनी मिळून पॅरिसला 'क्राइस्टचर्च कॉल' जाहीर केला, देश आणि कंपन्या दोघांनी मिळून असलं सगळं रोखायचं म्हणून, त्यात भारतही आहे. अमेरिका तेव्हा आली नाही, दोन वर्षांनी आली.

तरी ती साखळी तुटली नाही. १४ मे २०२२ ला अमेरिकेत बफेलो शहरात एका अठरा वर्षांच्या मुलाने सुपरमार्केटमध्ये दहा कृष्णवर्णीय लोकांना मारलं. त्याने स्वतः लिहून ठेवलं होतं की मे २०२० मध्ये कोरोनाच्या काळात खूप बोअर होत होतं म्हणून तो फोरचॅन नावाच्या तसल्याच निनावी साइटवर जायला लागला आणि तिथे त्याला आमच्याकडच्या व्हिडिओतला एक छोटासा तुकडा दिसला, काही सेकंदांचा, त्यावरून त्याने पूर्ण व्हिडिओ शोधला, मग ते लिखाण शोधलं, आणि स्वतःच्या लिखाणात त्यातलं पानंच्या पानं उचलून घातली. काही सेकंदांचा तुकडा! तो कोणीतरी मजा म्हणून कापून ठेवला असेल. बफेलोच्या वेळी ट्विच या लाइव्ह व्हिडिओच्या साइटने ते लाइव्ह दोन मिनिटांच्या आत बंद केलं, म्हणजे २०१९ पेक्षा खूपच सुधारणा, पण तेवढ्यात कोणीतरी कॉपी केली आणि दुसऱ्या एका साइटवर ती तीस लाखांहून जास्त वेळा बघितली गेली.

'बोअर होत होतं म्हणून.' आपण आईबाप म्हणून काय शोधत असतो? मुलगा अचानक धार्मिक झाला का, दाढी वाढवतोय का, मोठमोठी राजकीय भाषणं करतोय का. पण विचारधारा सगळ्यात शेवटी येते, आधी येते ती मजा आणि संगत. आमच्याकडच्या हल्ल्याची चौकशी करायला रॉयल कमिशन नेमलं होतं, त्यांचा रिपोर्ट डिसेंबर २०२० मध्ये बाहेर आला, जवळजवळ आठशे पानांचा, मी बराचसा वाचला कारण मला कळायला हवं होतं. त्यात आहे की आमच्याकडचा हल्लेखोर चौदा वर्षांचा असल्यापासून फोरचॅनवर जायचा, लहानपणापासून तासन्‌तास ऑनलाइन गेम खेळायचा, आणि त्याने कमिशनला सांगितलं की त्याला जास्त माहिती आणि प्रेरणा मिळाली ती कट्टर साइट्सपेक्षा यूट्यूबवरून. यूट्यूब. जे आपण जेवताना पोरांना लावून देतो ते.

आणि विनोद. गोळीबार सुरू करण्याआधी तो कॅमेऱ्यात एक वाक्य बोलला, 'प्यूडीपायला सबस्क्राइब करा'. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी तेव्हा शाळकरी मुलं होती त्यांना आठवत असेल, प्यूडीपाय नावाचा स्वीडिश यूट्यूबर आणि आपली टी-सिरीज यांच्यात जास्त सबस्क्रायबर कोणाचे याची शर्यत चालली होती, जगभरातली पोरं ते वाक्य गंमत म्हणून कुठेही लिहायची. त्या बिचाऱ्या यूट्यूबरचा याच्याशी काही संबंध नव्हता, त्याने निषेध केला आणि महिन्याभराने लोकांना ते वाक्य बंद करा म्हणून सांगितलं. पण हल्लेखोराने ते का वापरलं ते बघा. प्रत्येक पोराला ओळखीचं वाटावं, हसू यावं, शेअर करावंसं वाटावं, आणि बातम्या देणाऱ्या मोठ्यांना काही कळू नये. हीच या लोकांची पद्धत आहे. आधी एक मीम, त्यात एखाद्या जमातीची टिंगल, कोणी बोललं की 'अरे जोक होता, एवढं काय मनाला लावून घेतोस', मग थोडं जास्त कडक मीम, मग ज्यांना ते पटत नाही ते ग्रुप सोडतात आणि जे राहतात ते एकमेकांना चढवत जातात, मग कोणीतरी एक छोटा प्रायव्हेट ग्रुप काढतं टेलिग्रामवर नाहीतर डिस्कॉर्डवर. तिथे रात्री दोन वाजता मेसेज टाकला तरी कोणीतरी उत्तर देतं. घरात रात्री दोनला कोण उत्तर देतं? दिवसा तरी कोण देतं? मला या गटांच्या विचारांची भीती वाटते पण त्यांच्या या सवडीची जास्त वाटते, त्यांच्याकडे आपल्या मुलांसाठी एवढा वेळ आहे.

माझं माहेर कल्याण. २०१४ मध्ये मी तिथेच होते. तेव्हाची आठवण असेल तुम्हाला, कल्याणची चार तरुण मुलं मे महिन्यात यात्रेकरूंच्या ग्रुपबरोबर बगदादला गेली आणि तिथून इसिसकडे गेली. लोकलच्या लेडीज डब्यात, रिक्षाच्या लाइनीत, भाजीच्या गाड्यावर, दुसरा विषय नव्हता. सगळे एकच म्हणत होते की शिकलेली मुलं, इंजिनिअरिंगची मुलं, चांगल्या घरची, असं कसं झालं. त्यातला एक नोव्हेंबरमध्ये तुर्कस्तानमार्गे परत आला, एनआयएने त्याला अटक केली, खालच्या कोर्टाने दिलेला जामीन हायकोर्टाने २०२१ मध्ये कायम ठेवला आणि सहा वर्षांहून जास्त तुरुंगात काढल्यावर तो बाहेर आला. चौकशीत त्याने सांगितलं असं तेव्हा पेपरात आलं होतं की तिथे त्याला संडास साफ करायला आणि पाणी भरायला लावलं. जे ऑनलाइन दाखवलं जात होतं, घोडे आणि झेंडे आणि भाईचारा, ते तिथे नव्हतंच. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बंगळुरूमध्ये एक नोकरदार माणूस पकडला गेला, दिवसा कंपनीत काम आणि बाकी वेळ इसिसच्या बाजूने ट्विटर अकाउंट चालवायचा, सतरा हजारांच्या वर फॉलोअर होते. 

त्या वेळी कल्याणमध्ये माझ्या ओळखीच्या मुस्लिम बायकांचे हाल बघितलेत मी. माझ्याबरोबर प्रवास करणारी एक जण, तिचा मुलगा बारावीला होता, ती रोज त्याचा फोन तपासायची, आणि डब्यात बाकीच्या बायका तिच्याकडे ज्या नजरेने बघायच्या ते तिला कळायचं. दोन्हीकडून मार. इसिसवाल्यांना तिचा मुलगा हवा होता आणि बाकीचे तिलाच इसिसवाली समजत होते. आणि त्या नजरेने नेमकं इसिसचंच काम सोपं होतं, कारण ते पोरांना हेच सांगत असतात की बघा तुम्हाला इथे कोणी आपलं मानत नाही.

हे मी लिहिलं की काही जण म्हणतील, हां म्हणजे शेवटी त्यांचाच प्रॉब्लेम. नाही. जानेवारी २०२२ आठवा. बुल्ली बाई नावाचं ॲप निघालं, त्यात मुस्लिम बायकांचे, पत्रकार, कार्यकर्त्या, साध्या बायका, यांचे फोटो चोरून टाकून त्यांचा 'लिलाव' मांडला होता. त्याआधी जुलै २०२१ मध्ये तसंच एक निघालं होतं तेव्हा कोणी फार लक्ष दिलं नाही. दुसऱ्या वेळी मुंबई पोलिसांच्या सायबर सेलने बंगळुरूहून इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी आणि उत्तराखंडहून अठरा-एकोणीस वर्षांची एक मुलगी पकडली, दिल्ली पोलिसांनी आसाममधून अजून एक इंजिनिअरिंगचाच विद्यार्थी पकडला, त्यानेच ॲप बनवलं असं पोलिसांचं म्हणणं. कोर्टात जे व्हायचं ते होईल. पण वयं बघा, विशीच्या आसपासची सगळी. तेव्हा ज्या ऑनलाइन टोळक्यांची चर्चा झाली त्यांचे मीम्स बघितले तर तोच हिरवा बेडूक जो अमेरिकेतल्या गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी वापरला, फक्त भगवे कपडे घातलेला. कॉपी-पेस्ट. ज्यांना आपल्या संस्कृतीचा एवढा अभिमान त्यांनी द्वेष करायची पद्धत पण बाहेरून आणली.

मी हिंदू घरातली आहे, गणपती बसवते, इथे मंडळाच्या आरतीला जाते, आणि मला या मुलांची तितकीच काळजी वाटते जितकी कल्याणच्या त्या मुलांची. खरं तर जास्त, कारण त्यांच्याबद्दल आपल्या घरांमध्ये 'जरा जास्तच बोलतो पण मनाने चांगला आहे' असं म्हणून सोडून देतात.

काय केल्याने फरक पडतो याचीही उदाहरणं आहेत आणि ती मला धीर देतात. २०१५ मध्ये पुण्यात अकरावीतली एक मुलगी, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, ऑनलाइन ओळखींमधून इसिसच्या लोकांच्या संपर्कात आली, सीरियाला ये, तुला मेडिकलला शिकवू असं तिला सांगितलं होतं, आणि ती जायच्या तयारीत होती. महाराष्ट्र एटीएसला कळलं. त्यांनी तिला अटक केली नाही, घरच्यांना बरोबर घेऊन, धर्माचे जाणकार बोलावून तिचं समुपदेशन केलं. मला एटीएसच्या त्या निर्णयाचं फार कौतुक वाटतं, अटक करून फोटो छापून आणणं सोपं होतं. आणि सिंगापूरचा तो मुलगा, त्याला कोठडीत असताना मानसोपचारतज्ज्ञ दिले, त्याच्याच धर्मातला समुपदेशक दिला, शिक्षण चालू ठेवलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये काही निर्बंध ठेवून सोडलं. कोणीतरी त्याच्याशी तीन वर्षं बोललं. ऑनलाइन जेवढा वेळ दिला गेला होता तेवढाच वेळ समोर बसून द्यावा लागला.

माझा लेक आता हायस्कूलला आहे आणि गेम खेळतो, मी बंद केलेले नाहीत. बंद करून काही होत नाही, तो मित्राकडे जाऊन खेळेल आणि मला काहीच कळणार नाही. हे गट गेममध्येही येतात हे खरंय, रोब्लॉक्सवर लोकांनी आमच्या इथल्या हल्ल्याची नक्कल करणारे गेम बनवले होते, ते काढावे लागले, लहान मुलांच्या गेमवर! पण मी त्याला काय खेळलास यापेक्षा कोणाबरोबर खेळलास ते विचारते, आणि कोण काय बोललं, आणि कशावर हसलात. एकदा त्याने मला एक मीम दाखवलं, काळ्या लोकांवरचं होतं, म्हणाला आई हे सगळे फनी म्हणतायत. मी ओरडले नाही. म्हटलं मला समजावून सांग यात फनी काय आहे. त्याने सुरुवात केली आणि दोन वाक्यांनंतर त्यालाच पुढे बोलता येईना. मग त्यावर आम्ही अर्धा तास बोललो, शाळेतल्या त्याच्या सोमाली मित्राबद्दल, त्या मित्राला हे कोणी पाठवलं असेल का याबद्दल. हे सगळ्या घरात असंच होईल असं नाही, आणि आमच्याकडेही पुढच्या वेळी होईलच असं नाही, वय वाढतंय त्याचं.

आणि मोठ्यांसाठी, कारण सगळं पोरांवर ढकलून चालणार नाही, आमच्या त्या घरच्या ग्रुपवर आता मी एक नियम लावून घेतलाय आणि सगळ्यांनी मान्य केलाय, ज्यांनी क्लिप टाकली होती त्यांनीही. मारहाणीचा, हल्ल्याचा, प्रेतांचा कुठलाही व्हिडिओ टाकायचा नाही, 'सावध रहा' म्हणून पण नाही. बातमी सांगायची असेल तर शब्दांत सांगा. आला तर पुढे पाठवू नका, ज्या ॲपवर आला तिथे रिपोर्ट करा आणि मग डिलीट करा, आणि प्रकरण गंभीर असेल, कोणी धमकी देतंय किंवा कोणाला भडकवतंय असं दिसलं तर कोणाकडून, कधी आणि कुठल्या ग्रुपवर आला ते लिहून ठेवून भारतात सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करता येते, पोलीस स्टेशनलाही करता येते. हल्लेखोराचं नाव, फोटो, त्याने लिहिलेलं काही, काहीच टाकायचं नाही. गेलेल्यांबद्दल टाका. त्यांच्याबद्दल कोणी टाकत नाही.

पुढच्या महिन्यात इथल्या मराठी मंडळाच्या रविवारच्या भेटीत या विषयावर तासभर बोलायचं ठरलंय, मी असेन आणि माझ्याबरोबर शाळेत काम करणारी एक काउन्सेलर असेल, तिचं इंग्रजी मी मराठीत सांगेन. मुलांना वेगळ्या खोलीत मोठी मुलं सांभाळणार आहेत, जेवण नेहमीसारखं प्रत्येकाने एक पदार्थ आणायचाय. वडिलांनी यावं अशी खास विनंती आहे, दरवेळी असल्या गोष्टींना फक्त आयाच येतात आणि ज्या मुलांबद्दल मी वर लिहिलंय त्यातले बहुतेक सगळे मुलगे आहेत.